कुलूप आपले, किल्ली कोणाची?

घराला कुलूप लावून मनुष्य बाहेर पडतो तेव्हा किल्ली जवळ आहे की नाही, हे तो दोनदा चाचपून पाहतो. कुलूप आणि किल्ली यांचे हे नाते फार जुने आहे. आपल्या पेटीस आपल्याच नकळत कोणी कुलूप घालावे, त्याची किल्ली तिसऱ्याच गावी जाऊन पडावी आणि या दोहोंची आपल्याला वार्ताही असू नये, असे कोणी सांगितले तर आपण ते थट्टेवारी नेऊ. परंतु आज पुष्कळ घरांत नेमके हेच घडलेले आहे. ती पेटी म्हणजे घरातला संगणक. तो रोज विनातक्रार उघडतो, म्हणून त्यास कुलूप आहे हे कळत नाही. आणि ज्या दिवशी तो उघडत नाही त्या दिवशी किल्ली कोठे आहे हे कळत नाही.

प्रस्तुत लेखकास हे ज्ञान झाले ते शिरूर येथे. घोड नदीच्या काठच्या या गावात आमचे एक आतेबंधू राहतात. माध्यमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ गावच्या दूध संस्थेचा हिशेब हौसेने आणि बिनमोबदला पाहतात. त्यांच्या घरी एक लॅपटॉप आहे. दूध संस्थेच्या तीन वर्षांच्या नोंदी, भावाभावांतील वाटणीचे कागद, जमिनीचे सातबारा उतारे, नातीचा महाविद्यालयातील प्रकल्प, असे सर्व काही त्यात होते. आणखी एक गोष्ट होती. आतेबंधूंच्या मातोश्री वारल्या त्याच्या आदल्या वर्षी नातीने त्यांना जात्यापाशी बसवून त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या. त्या ओव्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी लॅपटॉप सुरू केला तो निळ्या पडद्यावर थांबला. पडद्यावर एक चौकट होती आणि तीत अठ्ठेचाळीस अंकी किल्ली भरा, असे इंग्रजीत फर्मान होते. आदल्या रात्री यंत्राने आपले आपण काही अद्ययावतीकरण उरकले होते, एवढेच घरातल्यांना आठवत होते. मास्तरांनी नेहमीचा पासवर्ड भरून पाहिला. तो तेथे चालेना. कोणी म्हणाले व्हायरस शिरला, कोणी म्हणाले हा खंडणीचा प्रकार आहे. गावातल्या दुरुस्तीवाल्या तरुणाने यंत्र पाहिले आणि सांगितले, “सर, फॉरमॅट मारावा लागेल. मशीन चालू होईल, पण आतलं काही राहणार नाही.” त्याचे शब्द खोटे नव्हते. परंतु घरास आग लागली तर घर पाडून नवे बांधू, अशातलाच तो उपाय होता. नात आडवी पडली. “आबा, हात लावू देऊ नका. आत्याआजोबांना विचारू,” असे म्हणून तिने आम्हांस फोन केला.

किल्लीचा शोध

यंत्राने किल्ली मागितली त्याअर्थी किल्ली कधी तरी निर्माण झाली असली पाहिजे, एवढा तर्क करण्यास तंत्रज्ञ असावे लागत नाही. ती कोठे गेली, हा प्रश्न होता. यंत्र पहिल्या दिवशी कोणी सुरू करून दिले, या प्रश्नाचे उत्तर दौंड असे निघाले. मास्तरांची नोकरीची अखेरची वर्षे दौंड तालुक्यात गेली आणि लॅपटॉप त्यांनी तेथेच घेतला. शिरूरला रेल्वे नाही. दौंड रेल्वेवरच वाढलेले. तेव्हा न्हावऱ्यावरून चौफुला आणि पुढे पाटस ओलांडून दौंड, असा एस.टी.चा प्रवास करून आजोबा, नात आणि तो मुका लॅपटॉप असे तिघे स्टेशनाजवळच्या त्या दुकानात पोहोचले.

दुकानदारास यंत्र आठवत होते. “मास्तर, तुमचा तेव्हा ई-मेल नव्हता ना, म्हणून मी दुकानाच्याच खात्यावर सुरू करून दिला होता,” असे तो सहज म्हणाला आणि त्याने आपल्या संगणकावर ते खाते उघडले. त्यात एका यंत्राची नव्हे, वीसेक यंत्रांची यादी होती. प्रत्येकापुढे अठ्ठेचाळीस अंक. मास्तरांच्या पडद्यावर दिसणाऱ्या ओळखक्रमांकाची पहिली आठ अक्षरे यादीतल्या एका नोंदीशी जुळली. नातीने आकडे वाचले, आजोबांनी एकेका बोटाने भरले आणि यंत्र जणू काही झालेच नाही असे उघडले. दुकानात प्रथम पाहिली ती दूध संस्थेची वही. ओव्या मास्तरांनी घरी परतल्यावरच ऐकल्या.

गोष्ट सुखान्त झाली याचे श्रेय दुकानदाराच्या सज्जनपणास आणि त्याने खाते बंद केले नव्हते या योगायोगास आहे. दुकान बंद पडले असते, त्याचा मोबाईल क्रमांक बदलला असता किंवा तो खात्याचा पासवर्ड विसरला असता, तर त्या ओव्या पृथ्वीतलावरील कोणासही पुन्हा ऐकू आल्या नसत्या. आणि त्या यादीतील उरलेल्या घरांचे काय? आपल्या घरची किल्ली दौंडच्या एका टेबलाच्या खणात आहे, हे त्यांना आजही ठाऊक नाही.

देवडीवरचा पहारेकरी

हा प्रकार बिघाड नव्हे, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. विंडोज ही कार्यप्रणाली वापरणाऱ्या संगणकांत बिटलॉकर नावाची एक व्यवस्था असते. व्हिस्टा या आवृत्तीबरोबर, म्हणजे २००६-०७ च्या सुमारास, ती प्रथम आली. हार्डडिस्कवर जे जे लिहिले जाईल ते ते सांकेतिक लिपीत लिहावे आणि वाचताना उलगडून दाखवावे, हे तिचे काम. सांकेतिक लिपी उलगडण्याची किल्ली मदरबोर्डवरील टी.पी.एम. नावाच्या चिपच्या पहाऱ्यात मोहोरबंद असते. संगणक सुरू होताना ही चिप आधी पाहून घेते की यंत्राचा आरंभीचा सरंजाम, म्हणजे त्याचे बायोस आणि सुरुवातीचा प्रोग्राम, कालच्यासारखाच आहे ना. तो तसाच असला की ती निमूटपणे किल्ली पुढे करते. त्यात बदल आढळला तर मात्र तिला परका मनुष्य दारात उभा असल्याचा संशय येतो आणि ती अठ्ठेचाळीस अंकी किल्ली मागते.

जुन्या वाड्याच्या देवडीवर नवा पहारेकरी असावा आणि मिशी उतरवून आलेल्या मालकालाच त्याने अडवावे, तसे हे आहे. पहारेकऱ्याची त्यात चूक नाही. तो नेमलाच त्यासाठी आहे. बायोस अद्ययावत होणे, मदरबोर्ड बदलणे, बायोसमधील सिक्युअर बूटची मांडणी कोणी बदलणे, अशा कारणांनी ही मिशी उतरते.

त्या अठ्ठेचाळीस अंकांची रचनाही पाहण्याजोगी आहे. सहा-सहा अंकांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटास अकराने निःशेष भाग जातो. त्यामुळे लिहिताना एक अंक चुकला तरी यंत्रास ते तत्काळ कळते. अशा किल्ल्यांची शक्य संख्या ३४ वर ३७ शून्ये मांडली म्हणजे जेवढी होते तेवढी आहे. एकेक किल्ली लावून पाहत बसणे मनुष्याच्याच नव्हे, यंत्राच्याही आवाक्यातील नाही. म्हणून “पाच हजार द्या, लॉक तोडून देतो” असे कोणी म्हणाला तर तो बहुधा डिस्क कोरी करणार आहे किंवा फसवणार आहे, असे खुशाल समजावे. किल्ली हरवली तर ती पुन्हा घडवून देणे आपल्यालाही शक्य नाही, असे ही व्यवस्था निर्माण करणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीनेच स्पष्ट सांगून ठेवलेले आहे.

एकट्या शिरूरची गोष्ट नव्हे

एका घरच्या अडचणीला अग्रलेखाच्या पानावर जागा कशासाठी, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर २०२४ च्या जुलै महिन्यात आहे. त्या महिन्याच्या ९ तारखेस प्रसृत झालेल्या विंडोजच्या सुरक्षा अद्ययावतीकरणानंतर काही संगणक सुरू होताना ही किल्ली मागू लागले, हे मायक्रोसॉफ्टने स्वतःच मान्य केले. त्यावरील उपाय ऑगस्टमधील अद्ययावतीकरणात आला. मे २०२५ मध्ये विंडोज १० च्या काही यंत्रांवर असाच प्रसंग ओढवला.

त्याच जुलैच्या १९ तारखेस, आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते तेव्हा, क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा प्रोग्रामची एक सदोष फाईल जगभर पाठविली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक एकाच दिवशी बंद पडले. आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घ्यावे लागले. ती चूक बिटलॉकरची नव्हती. परंतु सदोष फाईल काढण्यासाठी यंत्राच्या आत शिरणे भाग होते आणि ज्यांच्या डिस्कला हे कुलूप होते त्या यंत्रांनी प्रत्येकी अठ्ठेचाळीस अंक मागितले. ज्या संस्थांनी किल्ल्यांची नोंद नीट ठेवली होती त्या लवकर सावरल्या. ज्यांची नोंद बंद पडलेल्याच संगणकात होती त्यांची अवस्था, किल्ली कपाटात आणि कपाट कुलपात, अशी झाली.

मोठ्या संस्थांपाशी या कामासाठी पगारी माणसे असतात. शिरूरच्या मास्तरांपाशी कोण आहे? हे कुलूप पूर्वी बहुतांशी कचेऱ्यांतील यंत्रांना असे. घरगुती विंडोजमध्ये त्याचेच धाकटे भावंड, डिव्हाइस एन्क्रिप्शन या नावाने, २०१३ पासून शिरले. परंतु त्यासाठी यंत्राच्या घडणीविषयी काही कडक अटी होत्या. २०२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीत त्या अटी सैल झाल्या. नव्याने सुरू केलेल्या यंत्रात मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की कुलूप आपोआप लागते आणि किल्ली त्या खात्यात जाऊन पडते. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ संपला. जुनी यंत्रे टाकून नवी घेण्याकडे लोकांचा कल होणार, हे उघड आहे. म्हणजे आपल्या नकळत कुलूप लागलेल्या घरांची संख्या यापुढे वाढणार.

मग कुलूप नकोच काय?

या प्रकारावर संतापून कुलूपच काढून टाकावे, असे म्हणणारेही भेटतात. त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. एस.टी.त किंवा दौंडच्या फलाटावर लॅपटॉप चोरीस गेला, तर चोरास यंत्र मिळते. आपले बँकेचे कागद, आधारच्या प्रती, घरातल्या लेकीबाळींची छायाचित्रे मिळत नाहीत. पूर्वी विंडोजचा पासवर्ड असूनही हार्डडिस्क काढून दुसऱ्या यंत्रास जोडली की सर्व काही वाचता येत असे. दुरुस्तीस दिलेल्या वा जुन्या बाजारात विकलेल्या यंत्रांतून लोकांचे खासगी आयुष्य कसे बाहेर पडते, हे सांगण्याची गरज नाही. कुलूप ही चांगलीच गोष्ट आहे. आमचा आक्षेप कुलपास नाही. ते मालकास न सांगता घालण्यास आहे, आणि किल्ली मालकाच्या हाती न देता परस्पर भलत्याच्या खणात टाकण्यास आहे.

या बाबतीत बँकेच्या लॉकरकडे पाहावे. लॉकरच्या दोन किल्ल्यांपैकी एक बँकेकडे व एक आपल्याकडे असते, हे लॉकर घेतानाच सांगितले जाते. तसा करार होतो. आपली किल्ली हरवली तर अर्ज कसा करावा आणि लॉकर कोणत्या पद्धतीने उघडावा, भाडेकरू वारला तर वारसास वा नामनिर्देशित व्यक्तीस तो कसा द्यावा, याची कार्यपद्धती रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये सुधारून दिली आणि ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. चार तोळे सोन्यासाठी एवढा विचार झाला. मग ज्यात एका कुटुंबाची अर्धी स्मृती साठविलेली आहे त्या पेटीविषयी विक्रेत्याने चकार शब्द काढू नये, हा कोठला न्याय?

ग्राहकाला वस्तूविषयी माहिती मिळण्याचा अधिकार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेला आहे. त्या अधिकारास घरगुती संगणकाच्या बाबतीत अर्थ यावयाचा असेल तर तीन गोष्टी झाल्या पाहिजेत. यंत्र प्रथम सुरू होताना, ‘या यंत्रास कुलूप लागत आहे’ हे वाक्य ठळक मराठीत पडद्यावर यावे आणि किल्ली कागदावर उतरवून घेतल्याखेरीज यंत्र पुढे सरकू नये. दुसरे म्हणजे दुकानदाराने ग्राहकाचे यंत्र आपल्या खात्यावर सुरू करून देण्याची प्रथा सोडावी. ग्राहकास खाते नसेल तर ते त्याच्याच नावाने व त्याच्याच मोबाईल क्रमांकावर उघडून द्यावे आणि अठ्ठेचाळीस अंक पावतीबरोबर त्याच्या हातात ठेवावेत. आणि ज्या दुकानांत आज अशा याद्या पडून आहेत त्यांनी एकेका घरास कळवून त्या रित्या कराव्यात. यासाठी नवे खाते, नवा आयोग किंवा नवा कर यांची आवश्यकता नाही. थोडी जनाची लाज पुरे आहे.

हाती असलेले उपाय

तोवर गृहस्थांनी स्वस्थ बसू नये. यंत्र उघडत आहे तोच काळ किल्ली शोधण्याचा असतो. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी या सदराखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू दिसले तर कुलूप आहे असे समजावे, आपल्या खात्याच्या पानावरून ओळखक्रमांकासह आकडे कागदावर उतरवून घ्यावेत आणि तो कागद खरेदीखत ठेवतो तेथे ठेवावा. लॅपटॉपच्या पिशवीत नव्हे. एक प्रत दुसऱ्या गावच्या विश्वासू नातेवाइकाकडे असावी. खात्यातील किल्ली ही कंपनीच्या कपाटातील किल्ली असते आणि न्यायालयाच्या आदेशाने ती तेथून बाहेर निघू शकते, हेही ध्यानात असावे. बायोसमध्ये काही बदल करावयाचा असेल तर आधी ही व्यवस्था तात्पुरती स्थगित करावी. आणि जे अमोल आहे त्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर असावीच; कारण कुलूप नसले तरी हार्डडिस्क मरणाधीनच असते.

निळा पडदा समोर आलाच तर घाई करू नये. फॉरमॅट मारू देऊ नये, टी.पी.एम. पुसू देऊ नये, मदरबोर्ड बदलू देऊ नये. नुकताच बायोसमध्ये काही बदल केला असेल तर तो पूर्ववत करून पाहावा. पुष्कळदा पहारेकरी जुना चेहरा ओळखतो आणि किल्लीवाचून दार उघडतो. नाही तर पडद्यावरील ओळखक्रमांकाची पहिली आठ अक्षरे टिपून घ्यावीत आणि आठवावे की हे यंत्र प्रथम कोणी, कोणाच्या खात्यावर सुरू केले. मुलाच्या, दुकानदाराच्या, कधी महाविद्यालयाने किंवा नोकरीच्या ठिकाणी दिलेल्या खात्यावर किल्ली सापडते.

पुणे जिल्ह्यातील जुन्या घरांत आजही माळ्यावर लाल रुमालात बांधलेले मोडी कागद सापडतात. घरातल्या कोणास ते वाचता येत नाहीत. परंतु मोडी जाणणारा कोणी अभ्यासक आला की दोनशे वर्षांपूर्वीचा पणजोबा पुन्हा बोलू लागतो. कागदावरचे ते कुलूप विस्मरणाचे होते. ज्ञानाने ते उघडते. आपण आपल्या पिढीचे रुमाल ज्या पेटीत बांधून ठेवीत आहोत तिचे कुलूप तसे नाही. अठ्ठेचाळीस अंक नाहीसे झाले तर शंभर वर्षांनी येणारा मोठ्यात मोठा पंडितही तीतून जात्यावरची एक ओवी बाहेर काढू शकणार नाही. शिरूरच्या मास्तरांनी आता ते अंक स्वतःच्या सुवाच्य अक्षरात तीन कागदांवर लिहून ठेवले आहेत; एक नातीकडे, एक कपाटात आणि एक आमच्याकडे. वाचकांनी आज रात्री आपला संगणक बंद करण्यापूर्वी एवढेच करावे.